खांबावरचा माणूस आणि प्रकाशगडावरचा निर्णय

३ जानेवारी २०२३ ची रात्र उलटली आणि महाराष्ट्रातल्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले. तीसहून अधिक संघटना एकत्र आल्या होत्या. वेगवेगळ्या रंगांचे झेंडे आणि वेगवेगळे राजकारण, एरवी एकमेकांशी न पटणारे पुढारी. पण त्या रात्री सगळे एका बाजूला होते. वायरमन होते, उपकेंद्रातले यंत्रचालक होते, कार्यालयातले लिपिक होते, आणि ज्यांना आपण ‘साहेब’ म्हणतो ते अभियंते आणि अधिकारीही होते.

या संपात पगारवाढीची मागणी नव्हती. मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मिळावा असा अर्ज अदानी समूहातल्या एका कंपनीने वीज नियामक आयोगाकडे केला होता. संप होता तो या अर्जाविरुद्ध. कोल्हापूर परिमंडळातले कर्मचारीही त्यात उतरले. भांडुप कोल्हापूरपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथे कोणी दुसरा वीज विकू लागला, तर गडहिंग्लजच्या वायरमनच्या पगारातून दुसऱ्या दिवशी एक रुपयाही कापला जाणार नव्हता. मग तो रस्त्यावर का आला?

कारण वीज कंपनीचा हिशेब त्याला ठाऊक आहे. ठाणे-नवी मुंबईतले कारखाने, मॉल, मोठी कार्यालये जास्त दराने वीज घेतात आणि बिल वेळेवर भरतात. त्या पैशातून शेतीपंपाची आणि गरीब घरांची वीज स्वस्त ठेवता येते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. पैसे देणारे ग्राहक नव्या कंपनीकडे गेले आणि वाड्यावस्त्या तेवढ्या महावितरणकडे उरल्या, की तोट्याचा भार उरलेल्यांवर येतो. त्या तोट्याचे कारण पुढे करून भरती थांबते, दुरुस्तीचा खर्च कापला जातो, आणि मग ‘सरकारी कंपनी चालवता येत नाही’ असे म्हणायला रान मोकळे होते. ही साखळी कर्मचाऱ्यांना दिसत होती.

संप एका दिवसातच मिटला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ४ जानेवारीला सह्याद्री अतिथिगृहावर संघटनांना बोलावले. या कंपन्यांचे खासगीकरण होणार नाही, उलट पुढच्या तीन वर्षांत सरकारच त्यांच्यात ५० हजार कोटी रुपये गुंतवेल, असे त्यांनी सांगितले. लोकांचे हाल टळले. पण एक प्रश्न मागे राहिला. आपल्याच कंपनीचे पुढे काय होणार, हे कळून घेण्यासाठी हजारो माणसांना काम का थांबवावे लागते? या प्रकरणात त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

मंडळ ते कंपनी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. २००३ चा वीज कायदा आला आणि त्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले. वीज तयार करणारी महानिर्मिती, ती उच्चदाब वाहिन्यांवरून वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी पोहोचवणारी महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. वर एक सूत्रधारी कंपनी राहिली. लोकांशी रोजचा संबंध महावितरणचा. तिचे ग्राहक तीन कोटींच्या घरात आहेत, म्हणजे वीज वितरणातल्या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ही एक.

एवढा पसारा चालवायला उतरंड लागतेच. सर्वांत खाली शाखा कार्यालय. त्यावर उपविभाग, मग विभाग, मग मंडळ, मग परिमंडळ. कोल्हापूर परिमंडळात कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे येतात आणि त्याचे कार्यालय कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या विद्युत भवनात आहे. सगळ्यांच्या वर मुंबईत वांद्र्याचे मुख्यालय, प्रकाशगड. गावातल्या वायरमनपासून प्रकाशगडापर्यंत मोजले, तर मध्ये कनिष्ठ किंवा सहायक अभियंता, उपकार्यकारी अभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता अशा पायऱ्या लागतात. आदेश या पायऱ्यांवरून झरझर खाली येतो. तक्रार मात्र वर चढताना प्रत्येक पायरीवर थोडी सौम्य होते. ‘माणसे कमी आहेत’ हे शाखेतले वाक्य वर पोहोचेपर्यंत ‘उपलब्ध मनुष्यबळात काम सुरू आहे’ असे झालेले असते. यात कोणी मुद्दाम लबाडी करतो असे नाही. आपल्या वरच्याला नकार ऐकवणे कोणालाच आवडत नाही, आणि मोठ्या संस्थेत ही नावड पाचपट होते.

अकरा हजारांच्या लाईनवर

वायरमनचे काम प्रत्यक्ष कसे चालते, ते जवळून पाहू. राधानगरी किंवा भुदरगडच्या डोंगरी भागात जुलैतली एक रात्र घ्या. वाऱ्याने फांदी मोडून अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर पडली आणि फीडर ट्रिप झाला. चार-पाच गावांची लाईट गेली. आता बिघाड शोधायचा तर वाहिनीच्या कडेकडेने पायी जायचे, बॅटरीच्या उजेडात, चिखल तुडवत. बिघाड सापडला की उपकेंद्रातल्या यंत्रचालकाकडून परमिट घ्यायचे. अमुक फीडर बंद केला आहे आणि काम संपल्याचे तुम्ही कळवेपर्यंत तो चालू होणार नाही, अशी ही हमी असते. परमिट मिळाले तरी लगेच हात लावायचा नाही. एबी स्विच उघडायचा, वाहिनी मृत आहे याची खात्री करायची, मग डिस्चार्ज रॉडने तिन्ही तारा जमिनीशी जोडून घ्यायच्या. हे कामाच्या दोन्ही बाजूंना करायचे, कारण वीज फक्त उपकेंद्राकडूनच येते असे नाही. एखाद्याने घरचा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडला असेल, तर त्याची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून अकरा हजारांच्या वाहिनीत येऊ शकते. हातमोजे आणि हेल्मेट हे सगळे करण्याआधीच घालायचे असते; मग कमरेला सुरक्षा पट्टा. आणि मगच खांबावर चढायचे.

या कामाला दोन माणसे लागतात, तीन असली तर बरे. पण पदे रिक्त असतात आणि एकेका माणसाकडे अनेक गावे असतात. खिशातला फोन थांबत नाही. सरपंचाचा, पाणीपुरवठ्याच्या माणसाचा, दूध संकलन केंद्राचा, सगळ्यांचा प्रश्न एकच: लाईट कधी येणार? वरून साहेब विचारत असतात, किती वेळ लागेल. अशा वेळी दुसऱ्या बाजूचे अर्थिंग ‘राहू दे’ म्हणण्याचा मोह होतो, आणि वीज त्या एका चुकीला माफी देत नाही. पुढे चौकशी होते. अहवालात लिहिले जाते, ‘सुरक्षा नियमांचे पालन केले नाही.’ ते खरेही असते. पण त्या रात्री तिथे एकच माणूस का होता, रॉडची दुसरी जोडी शाखेत होती का, तो किती तास सलग कामावर होता, हे प्रश्न अहवालात आले नाहीत तर कर्मचाऱ्यांच्या मनात एकच निष्कर्ष उरतो: दोष खाली उतरतो, वर कधीच चढत नाही. व्यवस्थापनावरच्या रागाचे हे पहिले मूळ आहे, आणि पगाराशी त्याचा काहीच संबंध नाही.

एकाच खांबावर तीन पगार

दुसरे मूळ मात्र पगाराचेच आहे. शाखा कार्यालयातून दुरुस्तीला निघालेल्या तिघांत एक कायमस्वरूपी तंत्रज्ञ असू शकतो, एक विद्युत सहायक आणि एक ठेकेदारामार्फत आलेला बाह्यस्रोत कामगार. विद्युत सहायक हा निवड होऊन आलेला, पण पहिली तीन वर्षे एकत्रित मानधनावर काम करणारा तरुण. २०२३ च्या अखेरीस ५,३४७ जागांची जाहिरात आली, तेव्हा हे मानधन पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी १६ हजार आणि तिसऱ्या वर्षी १७ हजार रुपये होते. बाह्यस्रोत कामगाराची स्थिती याहून नाजूक. त्याचा मालक ठेकेदार. ठेका बदलला की मालक बदलतो. कित्येक वर्षे त्याच उपकेंद्रात काढूनही कंपनीच्या नोंदीत तो कंपनीचा नसतो.

जुलै २०२४ मध्ये वेतन करार झाला, कायम कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनात १९ टक्के आणि भत्त्यांत २५ टक्के वाढ जाहीर झाली, सहायकांच्या मानधनातही पाच हजारांची भर पडली. हे चांगलेच झाले. तरीही शाखेतली धुसफूस पूर्ण थांबली नाही. याचे उत्तर जे. स्टेसी अॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये देऊन ठेवले आहे. अॅडम्स अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करत होता. त्याचे म्हणणे असे, की माणूस आपला पगार एकटा ठेवून पाहत नाही. आपण काय घालतो आणि काय मिळवतो याचे गुणोत्तर तो शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून पाहतो. दोन्ही जुळली तर कमी पगारातही समाधान असते. जुळली नाहीत तर चांगल्या पगारातही खटकत राहते. अंतर सहन झाले नाही की माणूस काम आखडते घेतो किंवा तुलनेसाठी दुसरा माणूस शोधतो. नाहीतर निघूनच जातो.

वीजक्षेत्रात हे अंतर झाकता येत नाही, कारण खांब तोच आणि मृत्यूची शक्यताही तीच. कार्यालयात दोन टेबलांवरच्या कामांत फरक आहे असे म्हणता येते. अकरा हजारांच्या तारेपुढे कायम आणि कंत्राटी हा भेद टिकत नाही. कंत्राटी कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत आहेत की ठेकेदाराला मधून काढा, आम्हाला थेट कंपनीकडून वेतन द्या. या मागणीत पैशाइतकीच ‘आम्ही इथले आहोत असे म्हणा’ ही मागणीही आहे.

धोरण बदलते, चेहरा तोच राहतो

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने धरणे धरले. शेतीला दिवसा दहा तास वीज द्या, ही मागणी होती. ती रास्तच होती. रात्रीची वीज म्हणजे अंधारात मोटार सुरू करायला जाणे, साप, विंचू आणि डोंगराकडेला गवे. इचलकरंजीचे वीजतज्ज्ञ प्रताप होगाडे वेगळ्या बाजूने बोलत आले आहेत. गळती आणि चोरी लपवण्यासाठी शेतीचा वीजवापर फुगवून दाखवला जातो आणि त्याचा बोजा प्रामाणिक ग्राहकावर पडतो, हा त्यांचा अनेक वर्षांचा आक्षेप आहे.

या दोन्ही तक्रारींचे उत्तर शाखेतला वायरमन देऊ शकत नाही. वीज रात्री द्यायची की दिवसा, हे भारनियोजन ठरवते. दर आयोग ठरवतो आणि सवलत सरकार ठरवते. पण शेतकऱ्यासमोर उभा असतो तो वायरमनच. थकबाकीची मोहीम निघाली की उद्दिष्ट वरून येते आणि कनेक्शन तोडायला तोच जातो. ज्या घरी चहा घेतला, त्याच घरची वीज तोडायची असते. कधी शिव्या मिळतात, कधी मार. मग पोलिसांत तक्रार आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा. पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गावात फ्यूज टाकायला जावे लागते.

जून २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्य सरकारने जाहीर केली. ४४ लाखांहून अधिक शेतकऱ्यांना तिचा लाभ मिळेल असे सांगितले गेले. ज्या बिलासाठी कालपर्यंत गावाशी वैर घेतले, ते बिलच रद्द झाले. धोरण बदलण्याचा अधिकार सरकारला आहे आणि शेतकऱ्याला दिलासाही हवाच होता. पण मधल्या काळात गावाशी तुटलेला संबंध वायरमनच्या खात्यावरच राहिला. जबाबदारी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी फारकत जिथे होते तिथे असंतोष पिकतो. वीज कंपनीत ती रोज होते.

पुराने दाखवलेली दुसरी बाजू

एवढे वाचून वाटेल की हे कर्मचारी कामावर चिडलेले असणार. तसे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे पाणी त्याहून बारा फूट चढले होते. जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्याही वर गेले. उपकेंद्रांत पाणी शिरले, ट्रान्सफॉर्मर बुडाले, नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी आणि डीपी गाळात गेल्या. त्या दिवसांत वीज कर्मचारी होडीतून खांबापर्यंत गेले, छातीएवढ्या पाण्यातून गेले. राज्याच्या इतर भागांतून पथके आली. पाणी ओसरताच गाळ उपसून, एकेक यंत्र वाळवून वीज सुरू केली. आदेश काढून कोणाला असे काम करायला लावता येत नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग याने १९५९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून एक निष्कर्ष काढला होता. समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोके नाहीत. असमाधान येते ते पगार, कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती यांतून. समाधान येते ते काम फत्ते होण्यातून, त्याची दखल घेतली जाण्यातून, विश्वासाने सोपवलेल्या जबाबदारीतून. त्यामुळे एकच माणूस कामावर जीव लावणारा आणि कंपनीवर मनापासून नाराज असा दोन्ही असू शकतो. त्याच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, पण महापुरातला वायरमन हा या मुद्द्याचा पुरावाच आहे.

दरवर्षी ४ मार्चला लाईनमन दिन साजरा होतो, सत्कार होतात. ते व्हायलाच हवेत. पण हर्झबर्गचा धडा असा की सत्काराने हातमोज्यांची उणीव भरून निघत नाही.

बोलायला जागा

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. संस्था बिघडू लागली की तिच्यातल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा बोलणे. यातली कोणती निवडायची, हे त्याच्या निष्ठेवर ठरते. निष्ठा जितकी खोल, तितका तो जाण्याआधी बोलून पाहतो. हर्शमनला हे सुचले ते नायजेरियातल्या रेल्वेकडे पाहून. रेल्वेला कंटाळलेले मोठे व्यापारी ट्रककडे वळले, आणि ज्यांच्या आरडाओरड्याने रेल्वे सुधारली असती तेच निघून गेल्यामुळे ती आणखी ढासळली.

वीज कंपनीचा कर्मचारी सहसा निघून जात नाही. नोकरी मिळायला कठीण, कौशल्य याच क्षेत्राचे, घर याच गावात. म्हणून तो बोलतो. द्वारसभा घेतो, काळ्या फिती लावतो, निवेदन देतो. ते ऐकले गेले नाही तर संपाची नोटीस देतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सार्वजनिक सेवांमध्ये संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तो नियम सगळ्याच आस्थापनांना लावला. हे १४ दिवस कायद्याने बोलण्यासाठी दिलेले आहेत. पण बऱ्याचदा ते मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपाला मनाई करणारा कायदा, लावण्याच्या तयारीत जातात आणि खरी बैठक संप सुरू झाल्यावर होते. २०२३ मध्ये नेमके तेच झाले. याच कंपन्यांतल्या मार्च २०२२ च्या संपातही तोडगा दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत निघाला. यातून कर्मचारी शिकतात ते एवढेच, की थांबल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

याची किंमत शेवटी लोक मोजतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंडीगडच्या वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध संप केला, तेव्हा शहराचे मोठे भाग दीड दिवसाहून अधिक काळ अंधारात गेले, सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम या सरकारी कंपनीतली वेतन बोलणी फिसकटली. तिथे वीज कर्मचाऱ्यांना संपाची मनाई आहे; तरी संप झाला आणि देशावर सहाव्या टप्प्याचे भारनियमन आले. बंदी घालून असंतोष नाहीसा होत नाही, तो फक्त नोटीस न देता येतो.

दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे

व्यवस्थापनाची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रकाशगडावर बसलेल्या माणसाच्या हातात दर नाहीत, सवलती नाहीत, थकबाकी माफ करण्याचा निर्णयही नाही. भिवंडीत २००७ पासून टोरंट कंपनीकडे दिलेली फ्रँचायझी टिकली, हेही तो दाखवू शकतो. कर्मचारी उत्तर देतात की औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरमध्ये २०११ ला नेमलेल्या फ्रँचायझी २०१४, २०१५ आणि २०१९ मध्ये गुंडाळाव्या लागल्या आणि मोडके जाळे पुन्हा आम्हीच सांभाळले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संघटनांनीही स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. संघटना इतक्या का? कंत्राटी कामगाराचा प्रश्न कायम कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रात कितव्या क्रमांकावर असतो? ग्राहकाशी उद्धट बोलणाऱ्या, पैसे मागणाऱ्या सहकाऱ्याला पाठीशी घातले जाते का?

पण पहिले पाऊल मोठ्याने, म्हणजे कंपनीने, टाकायचे असते. अलीकडे शाखा कार्यालयांच्या कामाची देखभाल-दुरुस्ती आणि देयके-वसुली अशी विभागणी करणारी पुनर्रचना कंपनीने आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये काही संघटनांनी तीन दिवसांचा संप पुकारला, त्यात खासगीकरणाबरोबर याही मुद्द्याला विरोध होता. कल्पना चांगली असेलही. पण चंदगडच्या डोंगरात आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीत शाखेचे काम एकसारखे नसते. असा बदल आधी एखाद्या मंडळात करून पाहावा, तिथल्या तंत्रज्ञांना आणि यंत्रचालकांना वर्षभराने विचारावे, आणि मग राज्यभर न्यावा. अपघाताच्या चौकशीत वरिष्ठांबरोबर खांबावर चढणारा एक अनुभवी तंत्रज्ञ असावा आणि मनुष्यबळ किती होते हा रकाना अहवालात सक्तीचा असावा. सुरक्षा साधने देताना कायम आणि कंत्राटी असा भेद नसावा. शाखेतली तक्रार वर गेल्यावर तिचे काय झाले, हे ठरलेल्या मुदतीत खाली कळावे. यातल्या कशालाही ५० हजार कोटी लागत नाहीत.

कर्मचाऱ्याची कुरकुर ही कंपनीला मिळणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकरची माहिती आहे. कुठली वाहिनी जीर्ण झाली, कुठला ट्रान्सफॉर्मर दर पावसाळ्यात दगा देतो, कुठे एकाच माणसावर दहा गावे आहेत, हे त्याला अहवाल येण्याच्या कितीतरी आधी माहीत असते. तो रागाने बोलतो म्हणून ती माहिती खोटी ठरत नाही. म्हणूनच विद्युत भवनासमोर द्वारसभा भरलेली दिसली, तर आपण ग्राहकांनीही दोन मिनिटे थांबून त्यांच्या मागण्या वाचाव्यात. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या घरी येणाऱ्या विजेबद्दलच असतात.